प्रुफावरच्या खुणा

माझी पणजी केडगावच्या मुक्तिसदनात वाढली. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली-बायका आणल्या, त्यांतली ती एक. आपलं गाव कोणतं, आईबापांची नावं काय, हे तिला कधी सांगता आलं नाही. पण १८९३ सालची पुण्यातली हकिगत ती डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगायची. तेव्हा ती जेमतेम पाळण्यातून उतरली असेल. मुक्तीतल्या थोरल्या बायका रात्री निजायच्या वेळी धाकट्या मुलींना ही हकिगत सांगत. आपल्याबद्दल बाहेर काय बोललं जातं ते या पोरींना आज ना उद्या कळणारच, तर मग ते घरातल्याच माणसांच्या तोंडून कळू दे, असं त्यांना वाटत असावं.

रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदासदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, ही तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर. वचन असं दिलेलं की, इथे कुणाला ख्रिस्ती धर्म शिकवला जाणार नाही, मुलींनी आपापलं सोवळंओवळं आणि व्रतवैकल्यं खुशाल पाळावीत. बाईंनी वचन दिलं, पण स्वतःची प्रार्थना काही त्या वचनात घातली नव्हती. सकाळी त्या आपल्या खोलीत लेकीला, मनोरमेला, घेऊन प्रार्थनेला बसत. दार उघडं असे. आईच्या मागेमागे मुलं घरभर फिरतात तशा मुली त्यांच्यामागे असायच्या. त्यांतल्या काही आत येऊन बसू लागल्या.

दार लावून घ्या, असं सुचवणारे काही शत्रू नव्हते. पण बाईंनी दार लावलं नाही. आपल्याच घरात आपल्या देवापुढे चोरून बसायचं, हे त्यांना पटेना. मग केसरीतून टीकेची झोड उठली. विद्यादानाच्या नावाखाली धर्मांतराचा डाव आहे, हा आरोप. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पणजी सांगायची तेव्हा त्यात दारापुढे उभे राहिलेले टांगे असायचे, बोचकी असायची, आणि जायला तयार नसलेल्या मुलींची रडारड असायची.

या प्रसंगाचं वाचन मी पुढे मोठेपणी केलं, तेव्हा दोन्ही बाजूंचं म्हणणं मला कळलं. टीकाकार सगळंच खोटं बोलत नव्हते. घरातून टाकलेल्या, वपन केलेल्या, कुणी मायेने हाक मारायलाही नाही अशा मुली. त्यांना एक विदुषी आईसारखी जवळ करते. अशा वेळी ती नुसती डोळे मिटून बसली तरी मुलींच्या मनावर परिणाम होणारच. तो परिणाम शिकवण्याहूनही मोठा. रानडे-भांडारकरांना हे दिसत होतं. ही माणसं बाईंची हितचिंतक होती, बाईंसाठी त्यांनी स्वतः बोल सोसले होते. त्यांनी पाठ फिरवली तेव्हा बाईंना किती लागलं असेल याचा विचार आला की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. परक्यांचे फटके माणूस झेलतो. आपल्यांचं म्हणणं अर्धं खरं असलं की मात्र ते आतपर्यंत जातं.

आणि बाईंनी तो खरा अर्धा भाग घेतला, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या मंडळींशी केलेला करार दहा वर्षांचा होता. ती मुदत १८९८ मध्ये संपली. त्याच सुमारास केडगावच्या माळावर उभं राहिलेलं मुक्तिसदन पहिल्यापासून उघडउघड ख्रिस्ती होतं. वचन एक आणि दार दुसरंच सांगतंय, असा प्रश्नच तिथे उरला नाही. ज्यांना पैसे द्यायचे होते त्यांनी जाणून द्यावेत, ज्यांना यायचं होतं त्यांनी जाणून यावं. तिकडे कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. सनातन घरांनाही आपली लेक निर्धास्तपणे धाडता यावी, ही त्यामागची काळजी शारदासदनाच्या अनुभवातूनच आली होती. त्या एका वादळानंतर महाराष्ट्रातल्या विधवांना दोन घरं मिळाली. केसरीच्या लेखकांच्या मनात काय होतं ते असो, देवाच्या मनात हे होतं, असं पणजी छातीठोकपणे सांगायची.

तरी एक प्रश्न उरतोच आणि मी तो टाळणार नाही. दुष्काळात उपाशी आलेल्या पोरीने पत्करलेला विश्वास हा तिचा स्वतःचा म्हणायचा का? हा प्रश्न मी लहानपणी पणजीलाच विचारला होता. शाळेत कुणीतरी ‘भाकरीसाठी बाटलेले’ म्हणाल्यावर. ती रागावली नाही. म्हणाली, “आले मी भुकेनं, खोटं कशाला बोलू? पण पोट भरल्यावर जायला रस्ता मोकळा होता की. गेल्या काहीजणी. मी राहिले.” एवढंच. शाळेतल्या त्या मुलाला काय उत्तर द्यायचं ते तिने सांगितलं नाही.

बाईंवर फक्त हिंदू समाजच तुटून पडला असं आपल्याकडे समजतात. तसं नाही. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या गेल्या होत्या, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकीचा विचार सोडावा लागला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. धर्ममाता मानलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी तर वर्षानुवर्षं पत्रांतून वाद चालला. चर्चचं शिक्षण निमूट मान्य करत नाही, अहंकारी आहे, हट्टी आहे, असा सिस्टरांचा सूर. बाईंचं म्हणणं असं की, एका पुरोहितवर्गाच्या हातून मोठ्या कष्टाने सुटलेली सदसद्विवेकबुद्धी मी दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या हवाली करणार नाही. इकडे पुण्यात बाटली म्हणून बोल, तिकडे पुरती बाटली नाही म्हणून बोल. अशा वेळी १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, हे आमच्या मंडळीतल्या तरुणांना मी आवर्जून सांगतो.

या सगळ्यात बाईंच्या पायाखाली काय होतं? १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, तीत त्या सांगतात की बाप्तिस्मा घेतल्यावरही कितीतरी वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. तो त्यांना भेटला १८९१ च्या सुमारास. सालं जुळवून पाहावीत. पुण्यात टीका सुरू होते आहे, आणि त्याच काळात या बाईला आतून कळतं आहे की आपण जशा आहोत तशा, चुकांसकट, स्वीकारल्या गेलो आहोत. माझ्या समजुतीप्रमाणे सगळं मर्म इथे आहे. ज्याची किंमत रोज चौकात ठरते, त्याला एकही उणा शब्द सोसवत नाही. एकतर तो मोडतो, नाहीतर उलट चावतो. ज्याची किंमत आधीच ठरून गेली आहे, वधस्तंभावर ठरली आहे, तो शांतपणे विचारू शकतो की, तुम्ही म्हणता त्यात खरं किती? ख्रिस्ती विश्वासाने टीकेपासून कवच मिळतं असं प्रवचनांत सांगतात, ते मला पुरेसं वाटत नाही. कवचातून आत काहीच जात नाही. इथे तर आत घ्यायचं आहे.

हे ‘आत घेणं’ पणजी मुक्तीच्या छापखान्यात शिकली.

बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणायचं काम हाती घेतलं होतं. खेड्यातल्या, नुकत्याच लिहायला शिकलेल्या बाईलाही ते कळावं हा हेतू. आणि छापणाऱ्याही मुक्तीतल्याच मुली. पणजी खिळे जुळवायला बसली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. शिशाचे बारीक खिळे, अक्षर उलटं, काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरांचे खण निराळेच. ओळ भरली की पट्टीत दाबून बसवायची. रफार इकडचा तिकडे झाला तर अर्थ पालटतो. आणि हे पुस्तक तर देवाचं, म्हणून हात अधिकच थरथरायचा.

पहिल्यांदा तिने स्वतः एक अख्खं पान जुळवलं, त्याचं प्रूफ परत आलं ते समासभर खुणांनी भरून. पणजी ते घेऊन खणांच्या मागे जाऊन रडत बसली. तपासणारी बाई आपल्यावर डूख धरून आहे, गुजराथेतून आलेल्या पोरींना ती कधी इतक्या खुणा करत नाही, वगैरे वगैरे. छापखान्यातली एक वयस्क बाई तिच्याजवळ येऊन बसली. तिने समजूत घातली नाही. प्रूफ पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, एकेक खूण वाच, आणि तुझ्या पानाशी ताडून बघ. पणजी वाचत गेली. बहुतेक खुणा बरोबर होत्या. काही ठिकाणी वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ, एका ठिकाणी आख्खा शब्द गळालेला. पण दोन-तीन खुणा चुकीच्या निघाल्या. अक्षर बरोबरच होतं, तपासणारीच्याच डोळ्याला चकवा लागला होता. मग ती वयस्क बाई म्हणाली, “आता आधी आपल्या चुका काढ. त्या काढून झाल्या की तिच्याकडे जा आणि या खुणा दाखव. आधी हे, मग ते. उलटं करू नको.”

पणजीने खिळे उपसले, नवे बसवले. सबंध दुपार गेली. मग ती तपासणाऱ्या बाईकडे गेली. तोपर्यंत राग विरला होता, हे तिचं तिलाच नवल वाटलं. चुकीच्या खुणा दाखवल्यावर ती बाई हसली आणि तिने त्या खोडल्या. म्हातारपणी ही गोष्ट सांगताना पणजी आपला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, खिळा धरल्यासारखी. “खूण खिळ्याला असते गं,” आईला म्हणायची, “जुळवणारीला नसते.”

बाईंच्या भाषांतरालाही पुढे नावं ठेवली गेली. भाषा ओबडधोबड आहे, मुळाला फार धरून आहे, वाक्य वाचताना ठेचा लागतात. मी ते शास्त्र वाचलं आहे आणि या बोलण्यात तथ्य आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आमच्या मंडळींत चाललं ते बायबल सोसायटीचंच. पण एका बाईने एकटीने मूळ भाषा शिकून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं शास्त्र आपल्या भाषेत आणावं, याला तोड नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, उजवा हात. तरी बाई प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. शेवटचं प्रूफ तपासून होईपर्यंत आयुष्य दे, असं त्यांनी देवाकडे मागून घेतलं होतं आणि ते मिळालं, असं मुक्तीतल्या बायका सांगत. पणजी तोवर लग्न होऊन नगर जिल्ह्यात आली होती. बातमी कळली त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही.

पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. नगर म्हणजे नारायण वामन टिळकांचा मुलूख. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ चा. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने, जगाची बोलणी खात राहिल्या आणि मग स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सर्वांत जास्त काय जाणवत असेल, तर ज्यांनी त्यांना छळलं त्यांच्याबद्दलही त्या मायेने लिहितात. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली, तेव्हा आपल्याच ख्रिस्ती लोकांकडून त्यांनाही ऐकावं लागलं. पणजोबा त्यांचे अभंग शाळेत टाळ-मृदंगावर म्हणवून घेत, आणि त्याबद्दल त्यांच्या वाट्यालाही थोडं आलं.

आजीची वेळ आली १९७२ च्या दुष्काळात. पणजी तेव्हा होती, थकलेली. विहिरी आटल्या होत्या, माणसं खडी फोडायला जात होती, कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. आमच्या मंडळीकडे दुधाची भुकटी आणि तेल यायचं, ते गावात सगळ्यांना, जात-धर्म न पाहता, वाटायचं काम आजीकडे होतं. आणि एका रविवारी उपासना सुटल्यावर, सगळ्यांदेखत, मंडळीतल्याच एका बाईने आजीला विचारलं, “तुमच्या भाऊबंदांची घरं आधी भरतात, ओढ्यापलीकडं भुकटी पोचतच नाही. हीच का तुमची सेवा?”

आजी त्या रात्री जेवली नाही. मी तिच्याजवळ निजायचो. कंदिलाच्या उजेडात गुडघे टेकून बसलेली तिची पाठ मला आठवते. तोंडाने ती पुटपुटत होती, आणि ते पुटपुटणं प्रार्थनेपेक्षा भांडणासारखं वाटत होतं. देवाशीच तक्रार चालली होती, की मी दोन शेर भुकटी घरात ठेवली असेल तर माझे डोळे जावोत. मग बराच वेळ ती गप्प झाली. पहाटे उठून तिने वाटपाची वही काढली आणि पणजीपुढे धरली. पणजीला आता दिसत नव्हतं, म्हणून आजीने मोठ्याने वाचून दाखवली, घर, तारीख, माप. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की चोरी कुठेच नव्हती, पक्षपातही नव्हता. पण वाटप रोज देवळाशेजारच्या घरांपासून सुरू व्हायचं आणि ओढा येईपर्यंत डबा संपायचा. ओढ्यापलीकडच्या घरांच्या नावांपुढे कितीतरी रकाने कोरे होते. पणजी म्हणाली, “आधी आपली चूक काढ.”

त्या दिवसापासून आजी डबा घेऊन आधी ओढा ओलांडायची आणि वाटत वाटत घराकडे यायची. वही तिने देवळातल्या टेबलावर ठेवून दिली, कुणीही चाळावी. भाऊबंदांच्या नावाने केलेला आरोप खोटा आहे, हेही तिने त्या बाईच्या घरी जाऊन, बसून, स्पष्ट सांगितलं. सोसणं म्हणजे खोट्याला मान तुकवणं नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शब्बाथ शाळेत आजी आम्हाला शिमीची गोष्ट फार रंगवून सांगे. दावीद राजा पोटच्या पोराच्या बंडामुळे यरुशलेम सोडून पळतो आहे. बहूरीमजवळ शिमी नावाचा शौलाच्या घराण्यातला माणूस डोंगराच्या कडेने चालत दगड मारतो, धूळ उधळतो, शिव्याशाप देतो. अबीशय म्हणतो, हुकूम द्या, याचं मुंडकं उडवतो. दावीद त्याला अडवतो. परमेश्वरानेच याला बोलायला लावलं असेल तर, असं म्हणतो, आणि शिव्या खात पुढे चालत राहतो. इथे आजी थांबायची आणि विचारायची, दाविदाला शिव्या खऱ्या वाटल्या की खोट्या? रक्तपाती म्हणाला शिमी. शौलाच्या घराण्याचं रक्त दाविदाने सांडलं नव्हतं. पण उरीयाचं सांडलं होतं. शिमीला ते माहीत नव्हतं, दाविदाला होतं.

गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. आजी पुढचीही सांगायची. परत आल्यावर दावीद शिमीला शपथ घेऊन अभय देतो. आणि मरणाच्या खाटेवर शलमोनाला म्हणतो, त्याला सोडू नको. इतकी वर्षं तो सल आत तसाच होता. देवाच्या मनासारखा माणूस म्हणून ज्याचा लौकिक, त्याचीही ही तऱ्हा.

“मग त्याने क्षमा केलीच नव्हती का?” मी विचारलं होतं.

“केली होती की,” आजी म्हणाली. “पण एकदाच केली.”

ओढ्याच्या प्रकरणानंतर कितीतरी वर्षांनी मी तिला त्या बाईबद्दल विचारलं. तिच्या लेकीच्या बाळंतपणात आजीने डिंकाचे लाडू करून नेले होते, एकमेकींच्या घरी येणंजाणं होतं, म्हणून मला वाटलं सगळं कधीच मिटलं असेल. आजी म्हणाली, “रोज सकाळी तिचं नाव घेते देवापुढं. अजून घेताना घसा अडकतो कधी कधी. अडकतो तोवर घ्यायचं.”

ती बाई आजीच्या मागे बरीच वर्षं जगली. आजीच्या प्रार्थनेत रोज आपलं नाव असायचं, हे तिला आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. आजीची तशी ताकीदच होती.